सावडीचं कपाट

पंढरीनाथराव गुल्हाने यांनी उभ्या आयुष्यात कुणाची वाटी रिकामी परत केली नव्हती. तसं पाहिलं तर कुठल्याच मराठी घरातून शेजारची वाटी रिकामी जात नाही. निदान चिमूटभर साखर तरी तिच्यात पडते. पण पंढरीनाथरावांचा वेग निराळा होता. नागपुरात शेजारणीने दुपारी वड्या पाठवाव्यात, तर चहाच्या आत त्याच वाटीतून चिवडा तिच्या दारात हजर. ती बिचारी अजून पदराला हात पुसत असायची. ‘माणसानं कुणाचं ठेवू नये’ हे त्यांचं ब्रीद होतं, आणि ब्रीद म्हणून त्यात वाईट काहीच नव्हतं. फक्त हळूहळू वाट्या येणं कमी झालं. ते का, याचा विचार पंढरीनाथरावांनी केला नाही. त्यांना वाटलं, महागाई वाढली.

अशा माणसाची कंपनीने मुरबाडला बदली केली. ‘ठाणे जिल्हा’ एवढंच ऐकून नागपूरच्या तमाम नातेवाइकांनी त्यांना मुंबईला पोचवून टाकलं. मेव्हणीने तर गच्चीवरून समुद्र दिसतो का, म्हणून विचारलं. मुरबाडला समुद्र सोडाच, रेल्वेसुद्धा येत नाही; कल्याणला उतरायचं आणि एसटी नाहीतर जीप धरायची. हे कबूल करणं जिवावर आल्यामुळे पंढरीनाथराव “तिकडे हवा मोठी चांगली आहे” असं म्हणून विषय मिटवत.

सामान फार नव्हतं. खरं सामान म्हणजे ते कपाट. पंढरीनाथरावांच्या वडिलांनी चंद्रपूरचं सागवान आणून सुताराकडून घरातच बनवून घेतलेलं. खिळा नाही, स्क्रू नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड बसवलेले, त्यामुळे ते खोलता येत नव्हतं आणि वडिलांचं असल्यामुळे विकता येत नव्हतं. नागपुरात ते उचलायला पॅकर्सची माणसं होती. शेजारीपाजारी गॅलरीतून हात हलवत होते. खाली कुणी आलं नाही. पंढरीनाथरावांना हा निरोप फार सुटसुटीत वाटला. त्यांच्या पत्नी सरिताबाई मात्र ट्रक सुटल्यावरही त्या गॅलऱ्यांकडे वळून वळून पाहत होत्या.

मुरबाडच्या कडेला एका आळीत त्यांनी घर भाड्याने घेतलं होतं. पलीकडे भाताची खाचरं, अलीकडे कारखान्याचा रस्ता, मध्ये ही आळी. घरमालक चंदर समोरच राहायचा. थोडी शेती, आणि शेती नसेल तेव्हा कारखान्यात रोजंदारी, असा त्याचा संसार. मे महिन्याच्या टळटळीत दुपारी ट्रक आला आणि आळीच्या तोंडाशी असलेली मोरी पाहून ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मोरी अरुंद आहे, मी आत नेणार नाही, असं तो म्हणाला. पंढरीनाथरावांनी करारातली ‘घरपोच’ ही अक्षरं त्याला दाखवली. त्याने ती शांतपणे वाचली, सगळं सामान मारुतीच्या पारावर उतरवलं आणि ट्रक उलटा घालून तो निघून गेला.

पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या मधोमध वडिलांचं कपाट उभं होतं. पंढरीनाथरावांनी हमालांसाठी फोन लावायला घेतला. तेवढ्यात अंबूबाई आल्या. अंबूबाई म्हणजे आळीतली सगळ्यात वयस्क बाई. आळीत कुणी कुणाशी भांडावं आणि कधी थांबावं, हे त्याच ठरवत. त्यांनी कपाटाभोवती एक फेरी मारली आणि हाक दिली.

“चंदर, बाहेर ये रे. समद्यांना बोलाव. या सायबाचं कपाट उन्हात तापतंय.”

आणि आळी बाहेर आली. चंदर आला, त्याची बायको हौसा आली, जेवणावरून उठून माणसं आली. जितके हात आले तितके सल्लेही आले. कपाट आडवं करा, आडवं नको, मोडंल, डोक्यावर घ्या, बांबू लावा, आधी चा प्या. शेवटी बांबूला बांधून, खांदे बदलत, ते मोरीवरून पार झालं. घरापाशी आल्यावर कळलं की दार लहान आहे. चंदरने स्वतःच्याच मालकीच्या त्या घराच्या खिडकीची जाळी उचकटली. खिडकीतून कपाट आत गेलं आणि आत गेल्यावर कुणाच्यातच त्राण न उरल्यामुळे खिडकीपाशीच राहिलं. खोलीत अंधार झाला. पण कपाटाला ओरखडाही नव्हता.

पंढरीनाथरावांनी लगबगीने पाकीट काढलं. चंदरने त्यांचा हात धरून ते खिशात परत घातलं.

“पैसं कशाला, सायेब? सावड हाय ही. आज तुमच्या कामाला आमी. आमच्या आवणीला तुमी या.”

सावड म्हणजे काय, यात कळायला कठीण काही नव्हतं. मी तुझ्या कामाला, तू माझ्या कामाला. पैशाचा संबंध नाही. आवणी म्हणजे भाताची लावणी, हेही पंढरीनाथरावांना ठाऊक होतं. त्यांची चूक वेगळीच झाली. शहरात कुणी ‘या एकदा घरी’ म्हटलं की आपण ‘हो हो, नक्की’ म्हणतो आणि दोघांनाही माहीत असतं की कुणी कुठे जाणार नाही. पंढरीनाथराव त्याच सुरात म्हणाले, “हो हो, नक्की.” आळीने ते खरं मानलं.

तरी त्या ओझ्याने त्यांना झोप लागेना. त्यांनी नागपूरहून संत्रा बर्फी मागवून आळीत घरोघर वाट्या पाठवल्या. फिटलं, म्हणून ते जरा टेकले. संध्याकाळी वाट्या परत आल्या. एकीत आमरस, एकीत फणसाचे गरे, एकीत करवंदं, आणि हौसाच्या वाटीत सुक्या जवळ्याची चटणी. पंढरीनाथरावांनी पुन्हा चिवडा करवला. चिवड्याच्या बदल्यात तांदळाच्या पापड्या आल्या. नागपुरात त्यांचा वेग कुणाला झेपत नव्हता. इथे आळीचा वेग त्यांना झेपेना. जवळ्याचा वास घरभर फिरत होता आणि सरिताबाई भाकरीबरोबर तोच मिटक्या मारत खात होत्या. त्यांनी आयुष्यात कधी जवळा पाहिला नव्हता.

“तुम्ही काहून एवढं टेन्शन घेऊन राहिले?” त्या म्हणाल्या. “खा ना मुकाट्यानं.”

जुलैत एका सकाळी दार वाजलं. दारात अंबूबाई. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, कासोटा मारलेला.

“चला, सायेब. आज माझी आवणी हाय.”

पंढरीनाथराव टाय बांधत होते. त्यांनी ऑफिसचं महत्त्वाचं काम सांगितलं आणि माणूस पाठवतो, असं म्हटलं. ही युक्ती साईनाथची. साईनाथ हा त्यांचा ऑफिसातला सहकारी. रोज वाशिंदहून मोटारसायकलवर यायचा आणि वाटेत सुचलेले सल्ले डब्याच्या वेळी वाटायचा. “साहेब, रोजाने एक माणूस लावा, विषय संपला. जमाना कुठे चालला आहे,” असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. जीपवाल्या नथूने एक दणकट गडी गाठून दिला. पंढरीनाथराव त्या दिवशी ऑफिसात मोठ्या समाधानाने बसले.

संध्याकाळी गडी दारातच बसलेला. अंबूबाईंनी त्याला चहा पाजला होता, भाकरी खायला घातली होती आणि शेताला हात न लावू देता परत पाठवलं होतं. निरोप एवढाच होता: “ह्यो माणूस कपाट उचलाया नव्हता.”

हे वाक्य पंढरीनाथरावांनी दुसऱ्या दिवशी साईनाथला ऐकवलं. त्याने डबा बाजूच्या टेबलावर नेऊन खाल्ला.

आता रजा काढणं आलं. कंपनीत रजेची कारणं ठरलेली होती: आजार, लग्न, मृत्यू आणि कौटुंबिक कारण. आवणी त्यात नव्हती. रजा बघणाऱ्या मॅडमनी पंढरीनाथरावांना विचारलं, तुमची शेती कुठे आहे? शेती नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं, मग लावणी कसली? पंढरीनाथराव कपाटापासून सांगू लागले. कपाट मोरीवर पोचेपर्यंत मॅडमचा धीर सुटला आणि त्यांनी ‘कौटुंबिक कारण’ या कोऱ्या चौकटीत स्वतःच खूण केली.

अंबूबाईंची आवणी अजून संपली नव्हती; त्यांच्या शेतावर पंढरीनाथराव जय्यत तयारीने गेले. कंपनीचे गमबूट, कंपनीचा रेनकोट आणि कंपनीचंच पिवळं हेल्मेट. हेल्मेट कशाला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं, पण सुरक्षेच्या बाबतीत त्यांनी आजवर कधी तडजोड केली नव्हती. बांधावरून त्यांनी पहिला पाय चिखलात टाकला. बूट आत गेला. पाय वर आला. बूट आला नाही. तो शोधायला ते वाकले तेव्हा दुसराही गेला. मग अनवाणी उभे राहिले, आणि तो गार, मऊ चिखल पायांच्या बोटांतून वर आला तेव्हा चोपन्नाव्या वर्षी त्यांना गुदगुल्या झाल्या. हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

बाया रोपांच्या मुठी डाव्या हातात धरून मागे मागे सरकत लावत होत्या. पाणी हलत होतं, हात हलत होते, जिभाही हलत होत्या, आणि मागे उरत होती ती हिरवी ओळ. पंढरीनाथराव पाहतच राहिले. ऑफिसात एक काम चाललेलं असताना कुणी बोललं तर ते ओरडत. इथे बोलणं थांबलं की कामही मंदावत होतं. त्यांना हे सगळं फार आवडलं, आणि आवडल्या आवडल्या ते पाठीवर आडवे झाले.

त्यांना दोघांनी उभं केलं. हेल्मेट कामी आलं. कुणी हसलं नाही, निदान तोंड त्यांच्याकडे करून कुणी हसलं नाही. ओळ त्यांनीही लावली. ती बांधापासून निघून मध्येच मुरडून पुन्हा बांधाकडे आली. अंबूबाई कंबरेवर हात ठेवून ती पाहत राहिल्या.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “भाताला कुठं वाचता येतं?”

सरिताबाई अकोल्याकडच्या, कपाशीच्या मुलखातल्या. खाचर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण दुपारपर्यंत त्या हौसाच्या बरोबरीने लावत होत्या, गालाला चिखल आणि तोंडाने सासरच्या गोष्टी. नवऱ्याने लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना इतक्या मोठ्याने हसताना ऐकलं. हा नवरा आपल्याच जागेवर थोडा खजील झाला आणि थोडा भारावला, आणि त्या नादात त्याची दुसरी ओळही मुरडली.

मग मात्र पंढरीनाथरावांना चेव चढला. एकदा एखाद्या कामाला लागले की ते संपवल्याशिवाय सोडणारे नव्हेत. कपाटाला ज्यांचे ज्यांचे खांदे लागले होते त्यांच्या त्यांच्या शेतावर ते गेले. रविवारी गेले, रजा काढून गेले, एकदा तर पहाटे लावून ऑफिसला गेले आणि मीटिंगमध्ये कोपराला चिखल घेऊन बसले. पाठ धरली, नखं काळी झाली, पण ओळ सरळ येऊ लागली. आळीतली माणसं एकमेकांना सांगत, सायेब भारी जिद्दीचा हाय. त्यांच्या डब्यात आपली भाकरी घालण्यावरून बायांत भांडणं होत.

शेवटची आवणी चंदरची होती. काम आटोपलं आणि सगळे बांधावर जेवायला बसले. पंढरीनाथरावांनी हात धुतले, समाधानाने सगळ्यांकडे पाहिलं आणि कारखान्याच्या वार्षिक सभेत बोलावं तसं म्हणाले, “चला, सगळ्यांचं फिटलं. आता आमच्याकडे कुणाचं काही बाकी नाही.”

हौसाचा वाढणारा हात थांबला. अंबूबाईंनी भाकरी पुन्हा फडक्यात गुंडाळली आणि त्या उठल्या. पंढरीनाथरावांना वाटलं, दमली असतील माणसं.

दुसऱ्या दिवसापासून आळी बदलली. भांडण नाही, तंटा नाही. उलट फार चांगलं वागायला लागली. पंढरीनाथराव दिसले की लोक उठून उभे राहत, खुर्ची आणून देत. आजवर त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती; ‘बसा हितंच’ म्हणून ओट्यावर जागा करून देत. सरिताबाई दळण घेऊन गेल्या तर बाया बोलता बोलता गप्प झाल्या. आणि गुरुवारी हौसाकडून वाटी परत आली. आदल्या दिवशी सरिताबाईंनी तिच्यातून पाटवड्या पाठवल्या होत्या. वाटी घासूनपुसून लख्ख केलेली होती. आणि रिकामी होती.

पंढरीनाथरावांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. चिमूटभर साखरही नव्हती. इतक्या वर्षांत असली वाटी त्यांच्या हातात पहिल्यांदाच आली, आणि ती इतकी जड असते हे त्यांना माहीत नव्हतं.

शनिवारी एक शाळामास्तर टेप घेऊन दारात उभे राहिले. नमस्कार करून आत आले आणि खोली मोजू लागले. पंढरीनाथरावांना वाटलं जनगणना असेल. मास्तर म्हणाले, “तुम्ही कधी सोडताय? चंदरने सांगितलं, तुम्ही जाणार म्हणून. एवढं कपाट तुम्ही नेणारच ना?”

पंढरीनाथराव तसेच बनियनवर चंदरकडे गेले. चंदर विळ्याला धार लावत होता. मान वर न करता तो म्हणाला, “सोडनार नाय तुमी?”

“कोण म्हणालं सोडणार?”

“तुमीच म्हनलं. समद्या आळीसमोर. फिटलं म्हनलं.” चंदरने विळा खाली ठेवला. “सायेब, सावड कुनी पुरी फेडत नाय. माझ्या बापाचा एक दीस अंबूबाईकडं हाय. तिच्या सासऱ्याचा आमच्याकडं हाय. ऱ्हातोच. तेच्यावर तर येनंजानं चालतं. पुरी फेडतो तो गाव सोडनारा. आमाला वाटलं, बदली आली. सांगाया जड जातंय. म्हनून मीच मास्तरला खोली दावली.” मग तो पुन्हा उचलून म्हणाला, “हौसा दोन दीस जेवली नाय नीट.”

पंढरीनाथराव घरी आले. सरिताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रडायच्या बेतात होत्या, पण त्या चिडल्या.

“फेडा. अजून फेडा. नागपुरात इतकी वर्षं राहिलो, कोणाचं काही ठेवलं नाही तुम्ही. म्हणून तर ट्रक निघाला तवा खाली कोणी आलं नाही. मले इथून जायचं नाही. काय करायचं ते तुम्ही करा.”

आता जे करायचं होतं ते पंढरीनाथरावांना चिखलात पडण्यापेक्षा अवघड होतं. कुणाकडे तरी जाऊन काहीतरी मागायचं. देणं त्यांना येत होतं, परत करणं तर त्यांच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. मागणं त्यांनी कधी केलंच नव्हतं. शिवाय मागायचं काय? घरात सगळं होतं. ते खोलीभर फिरले. पंखा चालत होता, नळाला पाणी होतं. मग त्यांची नजर खिडकीपाशी गेली.

अंबूबाईंच्या अंगणात ते उभे राहिले तेव्हा त्यांच्यासाठी खुर्ची आली. ते खुर्चीवर बसले नाहीत, ओट्यावर बसले. घसा दोनदा खाकरला.

“मावशी, जरा अडचण होती. कपाट हलवायचं होतं. मला एकट्याला हलत नाही.”

अंबूबाईंनी विचारलं, “कुठं हलवाचं?”

“समोरच्या भिंतीला.”

“का?”

पंढरीनाथरावांनी या प्रश्नाची तयारी केली नव्हती. त्यामुळे त्यांच्या तोंडून खरं तेच निघून गेलं. “आम्हाला इथेच राहायचं आहे, मावशी.”

अंबूबाई उठल्या आणि अंगणातूनच त्यांनी हाक दिली.

“चंदर, ये रे बाहेर. समद्यांना बोलाव. सायेब अडलाय.”

आळी बाहेर आली. बांबू आला, दोर आला, आणि सल्ले तर आधीच आले. खरं म्हणजे फक्त एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतचं काम. चौघांनी सहज झालं असतं. पण खोलीत मावेनात इतके लोक होते, आणि ज्यांना कपाटापर्यंत पोचता आलं नाही ते बाहेरून खिडकीच्या पुन्हा बसवलेल्या जाळीत बोटं अडकवून ‘जोर लावा’ म्हणत होते. मधेच मास्तर टेप घेऊन आले. चंदर कपाटाखालूनच ओरडला, “मास्तर, दुसरीकडं बघा. ह्यांची सावड बाकी हाय.”

कपाट समोरच्या भिंतीला लागलं. खिडकी मोकळी झाली आणि खोलीत उजेड आला. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की पंखा-दिव्यांची सगळी बटणं कपाटामागे गेली. सरिताबाईंनी कपाळाला हात लावला. चंदरने फटीतून लाटणं घालून पाहिलं. पंखा चालू झाला, बंद होईना.

“हितं बटनं झाकली, सायेब,” अंबूबाई म्हणाल्या.

“असू द्या,” पंढरीनाथराव म्हणाले.

अंबूबाईंनी कपाटाला एक थाप मारली. त्या पहिल्यांदाच हसल्या. “असू दे. पुढल्या आवणीनंतर परत खिडकीला लावू. तवर लाटनं हाय.”

संध्याकाळी हौसाकडून वाटी आली. उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या, वर चिमूटभर मीठ. शेंगा संपल्या. पंढरीनाथरावांनी वाटी स्वतः घासली, पुसली, आणि सवयीने त्यांचा हात चिवड्याच्या डब्याकडे गेला.

“देऊन येता का?” सरिताबाईंनी विचारलं.

पंढरीनाथरावांनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं. वाटी त्यांनी वडिलांच्या कपाटात, अगदी वरच्या खणात ठेवली.

“राहू दे,” ते म्हणाले. “उद्या बघू.”